हौशीवरची काट

रूळ जागेवर धरून ठेवण्यासाठी त्याच्या बगलेत लोखंडाची एक पाचर ठोकलेली असते. रेल्वेची माणसे तिला चावी म्हणतात. खंडाळा ते लोणावळा या टप्प्यातल्या चाव्या रोज सकाळी पायी तपासण्याचे काम भिकाजी ओव्हाळ अकरा वर्षे करीत होता. लांब दांड्याचा हातोडा चावीवर मारायचा आणि कान द्यायचा. घट्ट चावी टण्ण वाजते, ढिली भद्द. डोळ्यांना जे घट्ट दिसते ते घट्ट असतेच असे नाही, हे त्याला या कामाने शिकवले होते. आणि हे शिक्षण त्याने रुळापुरते ठेवले नव्हते. कोणी वाटेत थांबून "बरं हाय ना, भिकाजी?" म्हटले, तरी या विचारण्यात कुठे भद्द वाजते का, हे तो आधी ऐके.

"मला बघाया आलता तवा माजा बी आवाज ऐकून घेतला असंल तुमी," येसूबाई, त्याची बायको, म्हणे.

"घेतलाच व्हता," तो सांगे. "त्यो एकच टण्ण वाजला."

१९६८ची दिवाळी सरली आणि लोणावळ्याच्या एका व्यायाम मंडळाने बाजारात फलक लावला. जानेवारीच्या अखेरीस तिहेरी शर्यत होणार होती. आधी धरणाच्या तळ्यात पोहून पैलतीर गाठायचा, मग सायकलने कान्हे गावच्या रेल्वे फाटकाला वळसा घालून यायचे, आणि शेवटी खंडाळ्यापर्यंत धावत जाऊन परत. पहिल्या दोघांना पुण्याच्या राज्य अजिंक्यपदाला पाठवणार होते. फलकाच्या तळाशी एक ओळ होती: 'निकाल घड्याळावर.' भिकाजीने ती ओळ तीनदा वाचली. आजवर त्याला जोखले होते ते माणसांनी, आणि माणसे जोखताना आधी आडनाव विचारतात. घड्याळ काही विचारीत नाही. पुण्याला जायचे, ही गाठ त्याने त्या फलकासमोरच मनाशी बांधली.

नाव नोंदवायला तो मंडळाच्या कचेरीत गेला. चिटणीस शाळेत मास्तर होते. त्यांनी टाक उचलला.

"सांगा, मी भरतो अर्ज."

"नगं. घरी नेतो."

"अहो, पाच रकान्यांचं काम आहे."

"पाच असूं द्या. माजा मी भरीन."

मास्तर हसले. दुसऱ्याच्या हाताने आपल्या नावावर काय लिहिले जाईल याचा भरवसा काय, असे भिकाजीला वाटले, आणि त्या हसण्याने ते पक्के झाले. घरी चिमणीजवळ बसून त्याने एकेक रकाना भरला. चौथ्या रकान्यात छापले होते: 'स्पर्धक हौशी / धंदेवाईक. नको तो शब्द खोडावा.' तो रकाना त्याने दोनदा वाचला. मग एका शब्दावर त्याने जाड काट मारली, शाई वाळवली, आणि अर्ज चौघडी करून खिशात ठेवला.

पोहणे त्याला येत होते ते विहिरीपुरते. तळ्यात पोहायला शिकवले नवशाने. नवशा डोंगराकडच्या ठाकरवाडीचा, पन्नाशी ओलांडलेला. तळ्यात गळ टाकून मासे धरी. भिकाजी काम संपवून दुपारी येऊन पाण्यात धडपडतो, हे त्याने चार दिवस पाहिले. पाचव्या दिवशी तो होडीतून ओरडला.

"आरं चावीवाल्या, पान्याला मारतोस कशाला? त्यानं काय केलं तुझं?"

"शर्यत हाय आबा. पल्याड जायाचं हाय."

"पल्याड काय हाय?"

"काय न्हाई."

"मासा न्हाई, पावना न्हाई, आन तरी जायाचं?" नवशाने विडीचे थोटूक पाण्यात टाकले. "मग सावकाश जा की. घाई मासा धरनाऱ्याला."

तरी त्याने शिकवले. हात कसा लांबवायचा, श्वास कुठे सोडायचा, पाय कसे हलके ठेवायचे. बदल्यात काही मागितले नाही, आणि नेमके तेच भिकाजीला खुपले. फुकट कोण शिकवतो? त्याने एकदा सुके बोंबील नेऊन दिले. नवशा पोट धरून हसला.

"मासं धरनाऱ्याला मासं?"

तरीही त्याने ते ठेवून घेतले. भिकाजीला जरा बरे वाटले. फार नाही.

सायकलचा सराव पुणे रस्त्यावर चाले, आणि तिथे रोज बाजीराव भेटे. तो कान्ह्याचा, कॅरियरला दुधाच्या दोन कासंड्या बांधून लोणावळ्याच्या हॉटेलांना दूध घाली. कासंड्या भरलेल्या असतानाही तो भिकाजीच्या जुन्या हर्क्युलसला मागे टाकी. त्यानेही अर्ज भरला होता.

"भाऊ, सीट दोन बोटं वर घ्या," एकदा तो शेजारून जाता जाता म्हणाला. "बसकी हाय. मांडीतलं बळ वाया जातंय."

ज्याला हरवायचे तोच आपल्याला बळ वाचवायला सांगतो? त्या संध्याकाळी भिकाजीने आडबाजूला जाऊन सीट दोन बोटे वर घेतली, मैलभर चालवून पाहिली. सायकल हलकी गेली. मग तर संशय दुणावला. आज हलकी जाईल आणि शर्यतीत गुडघा धरेल, हाच डाव असणार. त्याने सीट होती तशी खाली घेतली.

शर्यतीच्या सकाळी तळ्यावर धुके होते. बावीस जण उतरले. बुडणाऱ्याला उचलायला म्हणून मंडळाने नवशाला होडीसह बोलावले होते, आणि पाण्यात उतरण्याआधी भिकाजीने पाहिले की होडीला टेकून बाजीराव नवशाशी काही बोलतो आहे. दोघे हसले. भिकाजीच्या कानात भद्द वाजले.

अर्धे तळे पार झाले तेव्हा होडी त्याच्या उजव्या अंगाला आली.

"डावीकडं हो! चावीवाल्या, डावीकडं!"

डावीकडून पल्ला लांबत होता, हे त्याला दिसत होते. तो सरळ गेला. वीस हातांवर पाण्याखालच्या एका जुन्या झाडाच्या खोडावर त्याचा गुडघा आदळला. धरण बांधले तेव्हा बुडालेली ती झाडे. नवशाला त्यांचे खोड न् खोड ठाऊक होते. नाकातोंडात पाणी गेले, दोघे-तिघे पुढे निघून गेले.

"सांगत व्हतो न्हवं!" होडीतून आवाज आला. "त्या बाजीरावाला बी सांगितलं. त्यानं ऐकलं!"

काठावर आला तेव्हा तो नववा होता आणि गुडघ्यातून रक्त येत होते. कान्ह्यापर्यंत बसक्या सीटवर त्याने दात-ओठ खात पायडल मारले. मांड्या भरून आल्या. फाटकाजवळ मंडळाचा माणूस पाणी घेऊन उभा होता. भिकाजीने वेग कमी केला, आणि तहानेपेक्षा आधी त्याच्या नजरेने हेच टिपले, की पाणी वरून ओंजळीत पडते की भांडे हातात मिळते. भांडे हातात मिळाले. ते रिकामे करून परत देताना तो त्या माणसाकडे क्षणभर पाहत राहिला.

"जा की भाऊ, वळख मागनं करू," माणूस म्हणाला.

लोणावळ्यात सायकल टाकली तेव्हा तो सहावा होता. आता मात्र पाय त्याच्या मुलखात आले. खंडाळ्याचा चढउतार इतरांना चढउतार होता. त्याला ती रोजची वाट होती. अकरा वर्षे खडीतून चाललेल्या पावलांना डांबर म्हणजे गादीच. खंडाळ्याच्या वळणाआधी त्याने दोघांना गाठले, परतताना आणखी एकाला. शेवटच्या अर्ध्या मैलात बाजीराव दिसला. त्याला ओलांडताना भिकाजी कुंपणाच्या कडेने गेला, पायात पाय येऊ नये म्हणून. बाजीरावने मान वळवून फक्त एवढेच म्हटले, "जा भाऊ, हटतो मी."

खडकीचा एक जवान पहिला आला. भिकाजी ओव्हाळ दुसरा. बाजीराव तिसरा.

मांडवात मास्तर निकाल वाचायला उभे राहिले. जवानाचे नाव पुकारले, टाळ्या झाल्या. मग ते कागदाकडे पाहत थबकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्या क्रमांकाबद्दल अडचण आहे. पुण्याची स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी आहे. ओव्हाळ यांची नोंद धंदेवाईक अशी आहे. नियमाने पुण्याला बाजीराव जातील."

येसूबाई बायकांच्या बाजूला उभी होती. तिने पदर घट्ट धरला. भिकाजी पुढे गेला. इतक्या दिवसांचा संशय आता पायावर उभा राहिला होता.

"अर्ज दावा."

मास्तरांनी दाखवला. अक्षर त्याचेच होते. हौशी या शब्दावरची जाड काट त्याचीच होती.

"ही काट तुम्ही मारलीत?"

"मीच."

"का?"

भिकाजीने काटेवर बोट ठेवले. "माजा चुलता तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा. गावोगाव जायचा. गाव त्याला हौशी म्हनायचं, आन हसायचं. आमी छप्पन साली धम्म घेतला तवा बा म्हनला, आता या घरात हौशी कुनी न्हाई. मी कामधंद्याचा मानूस. अकरा वर्सात खाडा न्हाई. मग हौशी कसं लिवू?"

कोणी हसले नाही. मास्तरांनी चष्मा काढला.

"अहो, इथं हौशी म्हणजे जो पैशासाठी खेळत नाही तो."

"आसं व्हय?" भिकाजीने काटेवरचे बोट उचलले. "मग छापायचं तसं."

"मी तर दुधाचा धंदा करतो," मागून बाजीराव म्हणाला, "म्या बी त्या शब्दापाशी अडलो व्हतो. पन मी मास्तरांस्नी इचारलं."

भिकाजीने विचारले नव्हते. पाच रकाने त्याने कोणाला दाखवलेही नव्हते. दर सकाळी हजारभर चाव्या ठोकून पाहणाऱ्या माणसाने ही एकच चावी ठोकली नव्हती, कारण ती त्याने स्वतःच बसवली होती.

"दुरुस्ती करता येते," मास्तर म्हणाले. "पण ओव्हाळ कधी पैशासाठी खेळलेले नाहीत, अशी पहिल्या तिघांपैकी आणखी एकाची सही लागेल."

जवान परगावचा, तो काय जाणणार? सगळ्यांच्या नजरा बाजीरावकडे वळल्या. सही न करण्यात त्याचे पुणे होते. भिकाजीने मान खाली घातली. बाजीराव पुढे आला, पुसायला काही मिळेना म्हणून बोटे सदऱ्यालाच पुसली, आणि सही केली.

"आता तुम्ही," मास्तर म्हणाले.

टाक हातात घेऊन भिकाजी उभा राहिला. त्याला बा आठवला. मग त्याने काटेच्या वर, एकेक अक्षर सुटे करून, आपल्या हाताने लिहिले: हौशी.

"झालं!" नवशा मांडवाच्या खांबाला टेकून होता. "जत्रंत हौशे, नवशे, गवशे. नवशा मी, हौशा ह्यो झाला. आता लुटाया आल्याला गवशा तेवढा घावायचा ऱ्हायला."

"दोन म्हयनं त्येच हुडकत व्हते ह्ये," येसूबाई म्हणाली, आणि मांडव हसला. भिकाजीही हसला, पण थोडा उशिरा.

बाहेर सायकल घेताना त्याने बाजीरावला गाठले. न विचारता त्याला राहवले नसते.

"तू सही का केलीस?"

"खरं व्हतं म्हनून." बाजीरावने रिकाम्या कासंड्या बांधल्या. "आन पुढल्या साली मला तुमाला हरवून जायाचं हाय. आसं कागदावर न्हाई. पन भाऊ, आता तरी..."

"कळलं."

भिकाजीने पिशवीतून पाना काढला, सीट दोन बोटे वर घेतली आणि बोल्ट आवळला. मग सवयीने पान्याच्या टोकाने त्यावर एक ठोका मारला आणि कान दिला.