सोहेईला मी मारलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि आमच्या विकीवरच्या त्या पाच-सात जणांना तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायला गेले की माझी जीभच उचलत नाही.

आधी मी कशी आहे ते ऐका, नंतर म्हणू नका की बाई गरीब वाटली. मी डूख धरणारी आहे. इस्लामपुरात दिराचं मेडिकल आहे, तिथं काउंटरवर मी बसते. कुणी अरेरावी केली ना, की गल्ल्यात सुट्टे असले तरी त्याच्या हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवते. नवरा म्हणतो, "तुला एखादी गोष्ट सोडून देता येत न्हाई का गं?" न्हाई येत. आईच्या पोटातूनच तशी आलेय, काय करू?

तर विकी. पोराला जपानी कार्टून लावून द्यायचे, पोरगा झोपून जायचा आणि मीच बघत बसायचे. त्यातून ॲनिमेचं वेड लागलं, मग मांगाचं — म्हणजे त्यांच्या चित्रांच्या गोष्टी, भागाभागानं येणाऱ्या. या सगळ्याची माहिती मराठीत लिहिणारा एक विकी सापडला. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडावं. मला काही मोठे लेख लिहिता यायचे नाहीत. मी वर्ग लावायचे. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असते — हे पान कुठल्या कुठल्या वर्गात मोडतं ते सांगणारी. 'क्रीडा मांगा', 'भुताच्या कथा', 'जिवंत पात्रे', 'मृत पात्रे'. औषधांचे कप्पे लावणाऱ्या बाईला हे काम न जमायला काय झालं? दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर तेच चाललेलं असायचं. हळूहळू सगळ्या विकीच्या वर्गांची मालकीण मीच झाले.

त्यात एक वर्ग माझा स्वतःचा होता. 'लय रडवणाऱ्या'. एकदा काउंटरवर बसून एक मांगा वाचताना असं रडू फुटलं की बीपीच्या गोळ्या न्यायला आलेले आजोबा घाबरून म्हणाले, "काय झालं गं पोरी? कोण गेलं?" आता काय सांगू त्यांना, जपानातला कुत्रा गेला म्हणून? त्याच दिवशी तो वर्ग काढला. पण नुसतं रडवलं म्हणून कुणाला त्यात घ्यायचे नाही मी. वाचून दोन दिवस जेवणात लक्ष लागलं नाही, तरच. लोकांना तो वर्ग आवडायचा. मला तर तो पोटच्या पोरासारखा होता.

मग मंगेश आला. रहिमतपूरचा, कॉलेजात तासावर मराठी शिकवणारा, वयानं माझ्याहून लहान. हुशार, ते कबूल करायला पाहिजे. थोड्याच दिवसांत तो प्रचालक झाला, म्हणजे ज्याच्या हातात पानं पुसायचे अधिकार असतात तो. आल्या आल्या त्यानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, मोडकी वाक्यं सरळ केली. माझं काही म्हणणं नव्हतं. मग एक दिवस 'लय रडवणाऱ्या' गेला. सगळ्या पानांवरून. तिथं 'शोकात्म कथा' आलं होतं आणि कारणाच्या रकान्यात मंगेशचं वाक्य होतं — ही ज्ञानकोशाची भाषा नाही, बाजारातली आहे.

बाजारातली! अंगाची नुसती लाही झाली. म्हणजे मी बाजारातली? मी चर्चेच्या पानावर भांडले, दोघा-तिघांनी त्याचीच बाजू घेतली. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं चांगलं नसतं, हे घरच्यांना माहीत आहे. मंगेशला कुठून माहीत असणार?

तरीही कदाचित तिथंच मिटलं असतं. पण पुढं साताऱ्यात आमची भेट ठरली, विकीवरचे आम्ही चौघंच, एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात. मंगेश मला "ताई, ताई" करत होता, मिसळ पुढं सरकवत होता. बोलता बोलता त्यानं सांगितलं की धाकटी बहीण आहे, रेश्मा. किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिसला आणावं लागतं. ती पडून असते तोवर तो शेजारी बसून एका नावाड्याची मांगा तिला मराठीत करून सांगतो. दर खेपेला एक भाग. त्यातला सोहेई नावाचा नावाडी वादळात बेपत्ता झालेला, आणि रेश्मा रोज विचारते, परत येतो का रं तो?

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "व्हय गं आयं. निघालोच. न्हाई, लय उशीर न्हाई करत."

लय! आईशी बोलताना लय, आणि माझ्या लयला बाजारातला म्हणून हाकलून दिलं? म्हणजे त्याला आपली बोली ठाऊक नव्हती असं नाही. घरी तोंडभर बोलायची, आणि चार माणसांत लाज वाटते म्हणून दुसऱ्याची पुसायची. मिसळ तिथंच टाकली मी. परतीच्या एसटीत कऱ्हाड येईपर्यंत मनात एकच — याला असं दुखवायचं की जन्मभर लक्षात राहिलं पाहिजे.

ती नावाड्याची मांगा मी इंग्रजीतून शेवटपर्यंत वाचलेली होती. आमच्यात मी एकटीच. सोहेई परत येतो. म्हातारा होऊन, एक डोळा गमावून, पण येतो. आपली जुनी नाव त्याच काठाला लावतो.

मी सोहेईचं पान उघडलं. तळाशी 'जिवंत पात्रे' होतं. तिथं 'मृत पात्रे' केलं. बस, एवढंच. एका शब्दाचं काम. त्यानं तो वर्ग बघावा, त्याची गोष्ट मधेच नासावी, महिनोन्महिने जपलेल्या उत्सुकतेची माती व्हावी. माझा वर्ग पुसलास ना? घे मग. आणि खोटं कशाला बोलू — बटण दाबलं तेव्हा गार वाटलं. हसत हसत पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं मी.

चारेक दिवसांनी चर्चेच्या पानावर त्याचा मजकूर आला. मला वाटलं, पुरावा मागणार. प्रत्येकाकडं मागायचा तो. माझ्याकडं नाही मागितला. त्यानं लिहिलं होतं, "ताई, वर्गांच्या बाबतीत तुमची चूक होत नाही म्हणून विचारतो. सोहेई खरंच मरतो का? रेश्माची तब्येत हल्ली बरी नसते. तो मरणार असेल तर मी पुढं वाचत नाही, इथंच थांबवतो. तिला ते सोसायचं नाही."

बघा. इथं मला थांबता आलं असतं. चुकून पडलं हो, वर्ग बदलते, एवढं लिहायचं होतं. कुणाला काही कळलंही नसतं. पण माझ्या डोळ्यांपुढं काय होतं? रेश्मा नव्हती. 'बाजारातली' हा एक शब्द होता. आणि मी मुद्दाम, त्याच्या नाकावर टिच्चून, आमच्या भाषेत लिहिलं — "व्हय. मरतो."

त्यानं खाली लिहिलं, "बरं झालं विचारलं. आभारी आहे ताई." माझा 'व्हय' त्यानं दुरुस्त केला नाही. मला तर तेवढ्यावरच जिंकल्यासारखं वाटलं!

मंगेशनं गोष्ट थांबवली. रेश्माला सांगितलं की लिहिणारा माणूसच आजारी पडलाय, पुढचे भाग यायचे बंद झालेत. हे त्यानंच एकदा आमच्या विकीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं, ती रोज विचारते, बरा झाला का रं तो माणूस? ते वाचूनही मी काही बोलले नाही. उद्या सांगू, परवा सांगू. आणि सांगायचं तरी काय? मी दळभद्री आहे म्हणून?

उन्हाळ्यात रेश्मा गेली. ग्रुपवर त्याची दोनच वाक्यं होती. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मीही टाकलं.

पुढं बरेच महिने मंगेश विकीवर फिरकला नाही. मग एका दुपारी बदलांच्या यादीत त्याचं नाव दिसलं. सोहेईचं पान. 'मृत पात्रे' काढून 'जिवंत पात्रे' केलेलं. म्हणजे त्यानं शेवटपर्यंत वाचलं होतं. एकट्यानं. पानाच्या इतिहासात कुणी काय केलं ते नावानिशी राहतं. 'मृत पात्रे' कुणी टाकलं ते त्यानं पाहिलं असणारच. मी वाट बघत बसले. आता शिव्या येतील, आता मला हाकलतील. यायला पाहिजे होत्या हो! मी त्याच्या जागी असते तर इस्लामपूरला येऊन दुकानाच्या दारात तमाशा केला असता.

काहीच आलं नाही. त्यानं फक्त आणखी एक बदल केला होता. त्या नावाड्याच्या मांगाच्या पानावर तळाशी एक वर्ग परत आणला होता — 'लय रडवणाऱ्या'. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "रेश्मा हेच म्हणायची."

त्यानंतर तो विकी सोडून गेला. जाताना प्रचालकपद कुणाला द्यावं असं बाकीच्यांनी विचारलं तर माझं नाव सुचवून गेला. माझ्यावरचा राग गिळून, की हाच त्याचा सूड? मला कळलेलं नाही. मी असते तर सूडच असता.

आता पुसायचे अधिकार माझ्या हातात आहेत. चर्चेच्या त्या पानावर त्याचा प्रश्न आहे, खाली माझं "व्हय. मरतो" आहे आणि त्याखाली त्याचे आभार आहेत. एक बटण दाबलं तर तिन्ही जातील. मी पुसलेलं नाही. 'लय रडवणाऱ्या' या वर्गात अजून तेवढं एकच पान आहे.