उजवी बाही

सांगलीत स्वेटर विणत बसलेल्या बाईला पाहून लोकांना हसू येतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. इथली थंडी म्हणजे पहाटे दूध आणायला जाणाऱ्यापुरती. ऊन वर आलं की स्वेटर काढून हातात धरायचा आणि दुपारी पंखा लावायचा. "एवढं विणून घालणार कधी?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की मी उत्तर देणं सोडून दिलं आहे. आमचे हे तर आल्यागेल्याला सांगतात, "घरात आम्ही तिघं. मी, ही आणि लोकर. लोकरीला कपाट, मला खुंटी."

मी विणते, कारण विणताना माझं डोकं ठिकाणावर राहतं. मी रागीट आहे, नाकावर माशी बसू देत नाही. नोकरी होती तोवर राग काढायला ऑफिस होतं. विणणं तेव्हाही होतंच. नोकरी संपली आणि घरच्यांच्या नशिबानं मला बुधवारची बैठक सापडली.

ही बैठक माधवनगरला सुभेदारीणकाकूंच्या पडवीत भरायची. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन जमाना झाला तरी त्या भागातल्या बायका अजून दुपारी तीनला चहा टाकतात, तेव्हा पाळी सुटायची म्हणून. त्या चहाला आम्ही सुया आणि लोकर घेऊन जमायचो. कुणी सुनेचं गाऱ्हाणं काढलं की काकू म्हणायच्या, "आधी वळ पुरी कर, मग सून." ओळ पुरी होईपर्यंत निम्मं गाऱ्हाणं विरून जायचं. दर वर्षी आम्ही कानटोप्या विणायचो आणि आष्ट्याच्या बाजूला ऊसतोड करणाऱ्यांच्या खोप्या उभ्या राहिल्या की तिथल्या तान्ह्या पोरांना घालून यायचो. उसाच्या रानात पहाटे थंडी असते, तिथे कुणी आम्हाला हसत नसे.

काकू पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या, मेंढपाळाच्या घरातल्या. लग्न झालं ते फौजीशी, आणि माणदेशातली ही मुलगी थेट पंजाबातल्या क्वार्टरमध्ये जाऊन पडली. विणकाम तिथल्या शेजारणींनी शिकवलं. त्यामुळे आम्ही टाका म्हणायचो, त्या फंदा म्हणायच्या. आमची सुई, त्यांची सलाई. बाकी सगळी बोली माहेरची. सुटलेला टाका खालच्या ओळीतून उचल, यासाठी "फंदा पडला बग तुजा, खाली उतर," असं त्यांनी म्हटलं की आमच्यातली नवी बाई पायरीकडे बघायची.

माझं आणि त्यांचं जमायचं, पण एका गोष्टीवरून कायम वाजायचं. माझा हात घट्ट आहे. विणणाऱ्या प्रत्येकीचा हात वेगळा असतो. तीच लोकर, त्याच सुया, तेवढेच टाके घातले तरी एकीचं विणलेलं ऐसपैस होतं आणि दुसरीचं आवळून येतं. दोरा बोटांतून किती ओढून धरायचा, ते ज्याचं त्याचं बोट ठरवतं. माझी वीण अशी की तिच्यातून पाणी गळायचं नाही, आणि याचा मला गर्व होता. काकूंचा हात सैल. त्यांचं विणलेलं अंगावर पडलं की कळायचंही नाही. त्या म्हणायच्या, "बये, माणसानं आत श्वास घ्याचा हाय, का न्हाई?" घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

दर वर्षी एक अवघड काम ठरवून तडीस न्यायचं, असा माझा नेम आहे. ही गोष्ट घडली त्या वर्षी मी पांढरी जाळीची शाल घेतली होती, अंगठीतून ओढून काढता येईल इतकी तलम. काकूंचंही एकच काम ठरलेलं होतं आणि ते कित्येक वर्षं लांबलं होतं. त्यांना त्यांच्या धाकट्या भावासाठी स्वेटर विणायचा होता, तोही घरच्या मेंढरांच्या लोकरीचा.

आमच्याकडच्या मेंढरांची लोकर काळी, राठ आणि टोचरी. तिची घोंगडी होते, अंगात घालायचं कुणी काही करत नाही. काकूंचा भाऊ अजून मेंढरं राखतो. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाकडे उतरतो, शेतात मेंढरं बसवतो आणि पावसाळा तोंडावर आला की परत जातो. काकूंनी फौजेतल्या अर्ध्या पलटणीला स्वेटर घातले, पण भावानं कधी घेतला नाही. "त्या दुकानच्या लोकरीनं मला थंडी वाजती," म्हणायचा. शेवटी एका वर्षी तोच काळ्या लोकरीच्या सुताचे गुंडे घेऊन आला. घरातल्या बायकांनी हातानं कातलेलं सूत होतं. म्हणाला, "ह्याचा ईण. ह्याचा घालीन."

काकूंनी पाठ विणली, पुढचा भाग विणला. तेव्हा त्यांची नजर ठीक होती आणि हात तर काय, बघत राहावं असा. मग थोडं थांबून उजवी बाही घेतली. ती विणताना मधेच सुया खाली ठेवून बोटं चोळायच्या. एकदा कप हातातून निसटला. आम्ही म्हणालो, वय झालं. वय तर आमचंही झालं होतं. उजवी बाही त्यांनी अंगाला जोडली, आणि श्रावणात एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली.

मुलानं त्यांना कराडजवळ मलकापूरला स्वतःच्या घरी नेलं. पडवीला कुलूप लागलं. बुधवार आम्ही पाळीपाळीनं एकेकीच्या घरी भरवू लागलो. चहा तसाच होता, पण ओळ पुरी कर म्हणणारं कुणी नव्हतं आणि सुनांची गाऱ्हाणी लांबत चालली.

मी भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीपाशी खाटेवर होत्या. उजवा हात उशीवर ठेवलेला होता, परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. बोलणं जड झालं होतं, शब्दाशब्दाला थांबायच्या. डाव्या हातानं त्यांनी पिशवी माझ्याकडे ढकलली. आत तो काळा स्वेटर होता, एका बाहीचा.

"डावी... तू ईण."

"विणते की काकू. त्यात काय?"

"तुज्या हातानं न्हाई," त्या म्हणाल्या. "माज्या."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी पाठीचा भाग माझ्या मांडीवर पसरला आणि त्यावरून माझी बोटं फिरवायला लावली. उजवी बाही मी चाचपायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "पाठ बग. बाही बगू नगंस." तेव्हा मला वाटलं, आजारी माणूस आहे, असेल काहीतरी. दिवाळीनंतर भाऊ येईल. दोन बाह्यांचा स्वेटर त्याच्या अंगात बघायचा, एवढंच त्यांचं राहिलं होतं. पुढच्या साली त्या असतील का, हे घरात कुणी बोलत नव्हतं.

माझी जाळीची शाल मी गुंडाळून कपाटात टाकली.

पहिली बाही मी भराभर विणली. टाके काकूंनी सांगितले तेवढेच, ओळी तेवढ्याच, आणि बाही भावाच्या मापाला चार बोटं आखूड. भाकरी थापताना पीठ हाताला चिकटलं तर पाणी लावावं, तसं मी केलं. बाही ओली केली, ताणली, वर पाटा ठेवून वाळवली. मापात आली. मोठ्या ऐटीत मलकापूरला नेली. काकूंनी ती नुसती डाव्या हातानं दाबली, टोक शोधलं आणि दोरा ओढला. बाही माझ्या डोळ्यांदेखत सरसर उसवत गेली. मी रागानं लाल झाले. एखादीनं बैठकीत असं केलं असतं तर मी पुन्हा तिच्या दारात गेले नसते. पण ज्या हातानं त्या ओढत होत्या तो त्यांचा शिकलेला हात नव्हता. दोरा सारखा अडकत होता. मी मुकाट्यानं गुंडा करत बसले.

मग मी दर आठवड्याला मलकापूरची एसटी धरू लागले. त्या लोकरीला मेंढराचा वास. आष्ट्याच्या स्टँडवर एक बाई शेजारी बसली, तिनं नाक मुरडलं आणि विचारलं, "पिशवीत मेंढरू हाय का, बाई?" मी म्हटलं, "त्याची बाही आहे." ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

दुसरी बाहीही काकूंनी उसवली. तिसरी निम्म्यावर. बोटांतला दोरा सोडायचा, म्हणजे किती सोडायचा? मी सोडला की टाके लोंबायचे, धरला की आवळायचे. काकू खाटेवरून माझ्या बोटांकडे बघत राहायच्या. एकदा त्यांनी माझ्या मनगटावर आपला डावा हात ठेवला आणि काढलाच नाही. त्या वजनानं माझा खांदा खाली आला, श्वास खाली गेला, आणि एक अख्खी ओळ मी दोऱ्याकडे लक्ष न देता विणली. त्यांनी ती बघितली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "व्हय." इतक्या आठवड्यांत मला मिळालेली तेवढीच शाबासकी. मला रडू आलं, ते मी लोकर टोचली म्हणून खपवलं.

चौथी बाही उसवली गेली नाही. सांगितल्याप्रमाणे उजवीकडे न बघता मी ती स्वेटरला जोडली. पण बुधवारी मी एका नातवाचं टोपडं विणत होते, ते बघून एक मैत्रीण म्हणाली, "तुझा हात सुटला गं." मी घरी जाऊन माझ्या पूर्वीच्या सुया काढल्या आणि घट्ट विणून बघितलं. जमेना. तीस वर्षांचा माझा हात मला सापडेना, याचं दुःख झालं. खोटं का बोलू?

भाऊ आला तो मार्गशीर्षात. कळप पलीकडच्या रानात बसवून एकटाच आला होता. सत्तरीचा माणूस, पागोटं, खांद्यावर घोंगडी. बहिणीच्या पायाशी खाली बसला आणि बराच वेळ तिच्या उशीवरच्या हाताकडे बघत राहिला. मग मी स्वेटर पुढे केला. त्यानं पागोटं काढून ठेवलं, स्वेटर डोक्यातून घातला, पागोटं परत बांधलं.

"टोचतंय... का रं?" काकूंनी विचारलं.

"घोंगडीगतच हाय की. झ्याक हाय, आक्का."

काकूंचा चेहरा एका बाजूनंच हसायचा, पण त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एक बाही... हिची हाय. वळीक कुटली."

त्यानं दोन्ही हात उजेडात धरले. डाव्या बाहीवरून बोट फिरवलं, मग उजव्या. मीही तेव्हा पहिल्यांदाच दोन्ही शेजारी नीट बघत होते. त्यानं उजवा हात पुढे केला. "ही ह्या ताईंची. ही कुटं आवळली, कुटं सुटली. पाठीवानी न्हाई."

तेव्हा मला ते "बाही बगू नगंस" कळलं. चोळलेली बोटं कळली, निसटलेला कप कळला. श्रावणाच्या कितीतरी आधी तो हात त्यांना सोडून चालला होता. त्यांना ते विणतानाच कळलं होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"ती माजी," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "उसव ती. परत ईण. पाठीवानी."

मी भावाजवळ गेले. एवढं शिकवलं ते कशासाठी, हेही मला आता कळलं होतं. नुसत्या डाव्या बाहीसाठी नव्हतं. मी खांद्यावरची शिवण शोधायला हात लावला, तर त्यानं कोपर अंगाशी घट्ट धरलं.

"न्हाई," तो म्हणाला. "ही आक्काची हाय न्हवं? मग हिला हात लावायचा न्हाई."

"वंगाळ हाय रं."

"आसू दे. माज्या अंगावर हाय."

काकूंनी पुन्हा सांगितलं नाही. निघताना त्यानं घोंगडी खांद्यावर घेतली, ती डाव्या. उजवी बाही उघडी ठेवली.

चैत्रात काकू गेल्या. दिवसकार्याला भाऊ आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि स्वेटर त्याच्या खांद्यावर घडी करून टाकलेला होता. सगळं उरकल्यावर माझ्याकडे आला. उजव्या बाहीची मनगटाची कड काट्याला अडकून तुटली होती, टाके सुटायला लागले होते.

"नीट करून द्या, ताई. पर उसवू नगा."

माझ्या पिशवीत सुया असतातच. त्या लोकरीचा एक बारीक गुंडाही मी ठेवला होता. मी अंगणात चटईवर बसले, सुटलेले टाके सुईवर घेतले, दोन ओळी विणून कड बंद केली. त्या दोन ओळी कुणाच्या हाताच्या झाल्या, ते मी वळून बघितलं नाही. त्यानंही बघितलं नाही. स्वेटर खांद्यावर टाकला आणि मेंढरांकडे गेला.