एक घट्ट, एक सैल

ट्रंक उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि तळातून ते दोन मोजे निघाले. अंगठ्याएवढे, उरल्यासुरल्या लाल-पिवळ्या लोकरीचे, घोट्याभोवती सोलापुरी चादरीवरचे मोर.

लेकीने ते बोटांत घातले. "आई, एक लहान का गं?"

ऐन वैशाखात, आठव्या महिन्यातच ती जन्मली होती. ती आत काचेच्या पेटीत, आणि बाहेर बाकावर सासूबाई मोजे विणत बसलेल्या. मला संताप आला. लेकरू जगतंय की नाही ते कळत नाही, आणि यांना सुया चालवणं सुचतं कसं?

"बारशाआधी बाळाला नवं करत नाहीत ना?" मी तोडून बोलले.

"उरलेली लोकर हाय की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "नवं कुटं हाय?"

पहिला मोजा झाला त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. सासूबाई नुसत्या "व्हय?" म्हणाल्या, पदराने डोळे टिपले आणि दुसरा मोजा सुयांवर घातला.

मी आज लहान मोजा उलटा केला. नक्षी विणताना मागचा धागा सैल सोडायचा, नाहीतर वीण आखडते, हे पुढे त्यांनीच मला शिकवलं. इथे तो तारेसारखा ताणलेला होता. दुसऱ्यात टाके तेवढेच, पण मोर ऐसपैस.

"आजीचं चुकलं होतं का?"

"नाही गं. हा विणताना ती घाबरली होती," मी म्हणाले आणि सैल मोजा तिच्या तळहातावर ठेवला. "आणि हा विणताना तू वाचली होतीस."