चाकाखालचा देव

आमच्या शेजारच्या लंकाबाईला मी कधी भांडताना पाहिलं नाही. हवं ते ती हसतहसतच पदरात पाडून घ्यायची.

एकाहत्तर-बहात्तर सालची गोष्ट. तिचा नवरा सहादू देवळाली प्रवऱ्याच्या आबासाहेबांच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. कारखान्यावर ऊस न्यायचा. गाडीचा हँडब्रेक नुसता नावाला. गाडी उभी केली की चाकाखाली दगड सरकवायचा. एकदा दगड निसटला आणि खाली ग्रीस भरणाऱ्या सहादूच्या पायाची दोन बोटं चाकानं नेली.

"मालक, ब्रेक करून घ्या," तो म्हणाला.

"दगड जरा मोठा घे की," आबासाहेब म्हणाले.

जखम सुकली तसा सहादू पुन्हा कामावर निघाला. त्याच दिवशी लंकाबाई माझ्याकडं आली.

"वहिनी, मारुतीचा शेंदूर हाय का?"

नवस असेल म्हणून मी अख्खी पुडी दिली.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांच्या वाड्याच्या आवारात चाकाजवळचा दगड लालभडक, वर जास्वंदीचं फूल! सहादूनं सवयीनं तो ढकलायला पाय उचलला आणि तसाच मागं घेतला.

"मालक, देव हाय. चाकाखाली कसा घालू?"

"मग दुसरा घे!"

दुसराही लाल झाला. मग तिसरा. आवारात साधा दगड उरला नाही. हमाल चपला काढून आत येऊ लागले. आबासाहेबांच्या आईनं, आक्काबाईंनी, नारळ फोडला. दगडाशिवाय गाडी वाटेत थांबवायची कशी, आणि तिच्याखाली शिरणार कोण? गाडी उभी, आणि भरलेला ऊस वाळायला लागला.

आबासाहेबांनी लंकाबाईला बोलावलं; सोबत मीही गेले. "हा तुझाच उद्योग हाय!"

"असंल की. पटत नसंल तर घाला तो दगड तुमच्या हातानं चाकाखाली. आमी काय, बघतो."

आबासाहेब तरातरा दगडाकडं गेले, वाकले. ओट्यावरून आक्काबाई ओरडल्या, "आबा, खबरदार!" मी मनात मारुतीला म्हटलं, बाबा रे, राग मानू नकोस.

आबासाहेबांनी दगडाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि उठून खेकसले, "सहादू, जा, नगरहून मिस्त्री आन! ब्रेक करायचाय."

हँडब्रेक झाला. सहादू पुढं कितीतरी वर्षं गाडी चालवत राहिला, लंगडत का होईना, पण धडधाकट.

ब्रेक झाल्यावरच्या शनिवारी मी मारुतीच्या देवळात निघाले, तर लंकाबाई दारात हजर.

"वहिनी, शेंदूर उरलाय का थोडा? टायर बी लई गुळगुळीत झाल्यात."