मुक्या तेंदूचा भरती अर्ज

भिलाईत देव माणूस अर्धाच घडवून पाठवायचा आणि उरलेला अर्धा आमच्या मागच्या क्वार्टरमधले काका पुरा करायचे, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. काका प्लांटच्या, म्हणजे तिथल्या पोलाद कारखान्याच्या, भरती विभागात हेडक्लार्क होते. ज्याचा फॉर्म भरला गेला नाही तो माणूस त्यांच्या लेखी अजून व्हायचा होता. दूधवाला बदलला तर नव्याला ओट्यावर बसवून वडिलांचं नाव, मूळ गाव आणि अंगावरची खूण विचारायचे. स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी सरळ "पूर्वानुभव?" असं विचारलं, तेव्हा आतून काकूंनी भांडं आपटल्याचं आख्ख्या गल्लीनं ऐकलं. लिहिताना मान म्हणून वर करायची नाही आणि समोरच्यानं फॉर्म वाचल्याशिवाय, किंवा त्याला वाचून दाखवल्याशिवाय, सही म्हणून घ्यायची नाही. रांग सायकल स्टँडपर्यंत गेली तरी तेच. "सही म्हणजे माणसाची जबान हाय. न आयकता जबान देते काय कोणी?"

मी तेव्हा बावीस वर्षांची, हथखोजच्या कारखान्यांच्या गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटणारी. फॉर्म हे गरिबाला ताटकळत ठेवायचं हत्यार आहे, असं मी एका पत्रकात ठणकावलं होतं. काकांनी ते लाल शाईनं तपासून परत दिलं. "मुद्दा बरोबर हाय. तारीख टाकली नाही." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

घरात माझी पुतणी होती, मिनू. दहा वर्षांची. बोलताना फार अडखळायची, आणि तिची वाक्यं आम्ही सगळे घाईघाईनं पुरी करून टाकायचो. सगळ्यांत पुढे मी. दुसऱ्यांचा आवाज व्हायचं व्रतच घेतलं होतं ना! त्या वर्षी तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या मामानं अमेरिकेहून एक खेळ आणला. ना पट, ना सोंगट्या. वीस बाजूंचा एक फासा आणि नियमांचं जाडं पुस्तक. प्रत्येकानं आपलं एक पात्र कागदावर तयार करायचं आणि रविवारी सगळ्यांबरोबर बसून, ते पात्र काय करतं ते सांगत सांगत साहसाला निघायचं. म्हणजे खेळ सगळा तोंडाचा. मिनूला पहिल्यांदाच कुणी खेळायला बोलावलं होतं. शाळेत कविता म्हणायची होती तेव्हा ती आयत्या वेळी घरी पळून आली होती. इथूनही पळाली असती तर पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं. हे तिला माहीत होतं, मलाही.

शनिवारी दुपारी ती कोरा कागद घेऊन माझ्याकडे आली. "आत्या, माझं पा... पात्र मुकं आहे. मग बो... बोलावं नाही लागणार."

मी भडकले. मुकं? आपल्या घरात? मी उभी राहून भाषणच ठोकलं : तुझं पात्र राजवाड्यासमोर गर्जना करेल, हजारो लोक मागून येतील! मिनू कागदाची घडी घालू लागली. तेवढ्यात वर्तमानपत्र परत द्यायला आलेले काका दारातून म्हणाले, "कावून ओरडून राहिली? अर्ज तिचा हाय का तुझा?" आणि खुर्ची ओढून, पेन उघडून बसले. "हं. उमेदवाराचं नाव?"

"तें... तेंदू."

"वडिलांचं?"

"माहीत नाही. जं... जंगलात सापडली."

"मंग पालक कोण?"

"अस्वल."

काकांनी लिहिलं, 'पालक : अस्वल', आणि गंभीरपणे विचारलं, "नर का मादी?"

"मादी."

"मुकी कधीपासून?"

"जन्मापासून."

"मंग वाघ आला तं सोबत्याईले कशी सांगते?"

इथे मिनू 'शी...'वरच अडकली. मी तोंड उघडलं. काकांनी मान वर न करता डावा पंजा उचलला, जसा ते रांगेत घुसणाऱ्याला दाखवत असावेत. "शी... शीळ घालते," मिनू म्हणाली. "एक म्हणजे वा... वाघ. दोन म्हणजे पळा."

"आन् अस्वल आलं तं?"

"तर नाही सांगत. ते घ... घरचं आहे."

दोन तास हे चाललं. चार पानं भरली. सवयीच्या ओघात काकांनी तेंदूला वर्षाला बारा किरकोळ रजा दिल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला सेवानिवृत्तही केलं आणि वारस म्हणून अस्वल लावलं. शेवटी कागद तिच्यापुढे सरकवला. "वाच. मंग सही." आणि मिनूनं चारही पानं, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू करत, शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. त्या घरात तिचं इतकं बोलणं सलग कुणीच ऐकलं नव्हतं.

रविवारी मी त्या मुलाच्या व्हरांड्यात दबा धरून बसले. कुणी हसलंच तर त्या पोरांना काय काय सुनवायचं ते पाठ होतं. पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. तेंदू मुकी, त्यामुळे ती काय खुणावते, कुठे बोट दाखवते, किती शिळा घालते, हे सगळं मिनूलाच सांगावं लागत होतं. बाकीच्यांची पात्रं "मारो!" म्हणून मोकळी होत आणि मिनूचं चालूच. सगळे गुहेच्या तोंडाशी अडकलेले, आत काय आहे ते फक्त तेंदूनं पाहिलेलं. "बोल ना, क्या दिखा रही है?" म्हणत पाच पोरं टेबलावर ओणवी झाली. एकानं घाई केली, "मतलब शेर है?"

"न... नहीं. रुक. मैं ब... बताऊंगी."

तो रुकला. सगळेच रुकले. छातीवरचा दगड उतरणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. पाठ केलेलं भाषण वाया गेल्याचा इतका आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही. धावत जाऊन काकांना सांगितलं, तर म्हणाले, "ड्युटीवर हजर झाली ना? मंग झालं."

पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडून वर्ध्याकडे गावी निघाले, त्या सकाळी सामानाचा ट्रक उभा होता. मिनू पुढे झाली. "का... काका, तिकडे ऊ... ऊन फार असतं..." ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकूंनी आतून हाक मारली. काका एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून उभे राहिले. आणखी एक हॉर्न झाला. "...टो... टोपी घालत जा."

"बरं, घालीन," ते म्हणाले, आणि मग चढले. ट्रक वळणाआड गेला तरी आम्ही दोघी बराच वेळ तिथेच उभ्या होतो. मिनूला आणखी काही सांगायचं होतं की काय, कोण जाणे. मी विचारलं नाही, नुसती थांबले.