पंधरा दिवसांच्या गोळ्या

विठाबाई सुटली त्या दिवशी तिला न्यायला एकटा सयाजी गेला. सयाजी गावडे चंदगडच्या पुढच्या एका गावचा, काजूच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. विठाबाई त्याची थोरली बहीण. तो तिला आक्का म्हणायचा.

नऊ वर्षांमागं, डोक्यात कुणीतरी सारखं बोलतंय असं ती सांगत होती आणि कुणी मनावर घेत नव्हतं, त्या दिवसांत तिच्या हातून सासूचा जीव गेला. तुरुंगात तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरनं तिचा आजार ओळखला. गोळ्या सुरू झाल्या, डोक्यातलं बोलणं थांबलं, आणि आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. त्यानंतर ती फारशी बोललीच नाही.

फाटकातनं ती बाहेर आली तेव्हा हातात कापडी पिशवी होती. पिशवीत दोन लुगडी, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी.

"संपायच्या आत सरकारी दवाखान्यात दाखवा," सोडायला आलेल्या माणसानं सयाजीला सांगितलं. "एक दिवसबी चुकवू नका."

घरी सयाजीच्या बायकोनं, शेवंतानं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तरी आक्का उंबऱ्याबाहेर उभीच. "आत ये की आक्का," म्हटल्यावर आली. परसाकडं जायलाही ती विचारायची. गोळी गिळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. पहिल्या दिवशी शेवंताला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ती चुलीकडं तोंड करून रडली.

दहाव्या दिवशी सयाजी चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी दोनदा वाचली. "ही गोळी आमच्याकडं येत नाही. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात न्या. पेशंट सोबत पाहिजे." औषधाच्या दुकानदारानंही हात जोडले. तुरुंगाच्या चिठ्ठीवर गोळी देता येत नाही म्हणाला, डॉक्टरचा नवा कागद आणा.

मग त्यानं कामावर खाडा केला आणि आक्काला एसटीनं कोल्हापूरला आणलं. दवाखान्याच्या फाटकावर खाकी कपड्यातला रखवालदार होता. त्याच्यापुढं वही उघडी होती.

"नाव काय पावणं? कुणाला दाखवायचंय?"

सयाजी सांगायच्या आत आक्कानं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात बाजूला पसरले आणि झडतीसाठी उभी राहिली. कुणी झडती घेईना, तेव्हा भिंतीकडंला उकिडवी बसली. मान खाली.

"आक्का, ऊठ. दवाखाना हाय ह्यो."

ती हलली नाही. रखवालदार बिचारा वरमला. "बाईला सावलीत तरी घ्या की."

सयाजी एकटाच आत पळाला. मनाच्या डॉक्टरांसमोर ही एवढी रांग होती. त्याची पाळी आली तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघितल्याशिवाय कसं लिहून देऊ? आत घेऊन या." तो बाहेर आला, आक्काच्या हाताला धरून ओढलं, पाया पडला. माणसं बघायला लागली. आक्का भिंतीला घट्ट चिकटली होती. केसपेपरची खिडकी बंद झाली. दोघं तसेच परतले.

गोळ्या चारच उरल्या होत्या. सयाजीनं त्या सुरीनं अर्ध्या केल्या. अर्धी तर अर्धी, काहीतरी पोटात जाईल, असं त्याला वाटलं. अर्ध्याही संपल्या.

त्यानंतर पाचव्या दिवशी आक्काची झोप गेली. ताटातली भाकरी ती हुंगून बाजूला सारायची. चुलीमागं सासू बसलीय आणि शिव्या देतीय, असं म्हणायची. शेवंतानं विळा, कोयता, पाटावरवंटासुद्धा शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवला.

"मी तिला वाईट म्हणत न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "पर माजं आंग कापतंय ओ. काय तरी करा."

मग एका सकाळी आक्कानंच आपली पिशवी भरली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"सयाजी, मला परत सोडून ये. तितं गोळी मिळती."

त्यानं नेलं. दुसरा रस्ता त्याला माहीत नव्हता.

कोल्हापूरच्या तुरुंगाच्या फाटकावर त्यानं हात जोडले. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "अहो, सुटलेल्या माणसाला आत कसं घेणार? तुम्हीच सांगा." आक्का तोवर नेहमीच्या सवयीनं, कैद्यांना आत घेताना बसवतात त्या रांगेच्या जागी जाऊन बसली होती. ड्युटी संपवून बाहेर पडणाऱ्या एका शिपाईबाईनं तिला ओळखलं. आयेशा मुजावर त्यांचं नाव. त्यांनी सयाजीकडनं सगळं ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्याच्या फाटकावर आक्का पुन्हा बसली. मुजावरबाई खाकीतच होत्या. त्यांनी आवाज चढवला. "विठाबाई! ऊठ. रांगेत चल."

आक्का उठली आणि त्यांच्यामागनं मुकाट डॉक्टरांपुढं गेली. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. मुजावरबाईंनी डोळे पुसले. "असं बोलायला नको वाटतं ओ. पण तिला दुसरं ऐकूच येत नाही."

आठ-दहा दिवसांत आक्काला झोप लागायला लागली. सासू चुलीमागनं गेली. शेवंतानं पाटावरवंटा घरात आणला, विळा मात्र आणला नाही. पुढचे दोन महिने मुजावरबाई सुट्टी काढून फाटकावर आल्या. नंतर त्यांची बदली लांबच्या जिल्ह्यात झाली.

चौथ्या महिन्यात फाटकावर सयाजी एकटाच होता. आक्का भिंतीकडंला बसलेली. त्यानं तासभर विनवण्या केल्या, लाडीगोडी लावली, लहानपणच्या शपथा घातल्या. खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. घरात एकच गोळी उरली होती.

तो दोन पावलं मागं सरला. जन्मात आक्काला त्यानं कधी नावानं हाक मारली नव्हती.

"विठाबाई!" तो ओरडला. "ऊठ! रांगेत चल!"

ती दचकून उठली आणि मान खाली घालून त्याच्यामागं चालू लागली. त्या दिवशी गोळ्या मिळाल्या.

परतीच्या एसटीत त्यानं तिला केळं सोलून दिलं. तिनं ते लगेच खाल्लं नाही. आधी त्याच्याकडं बघून विचारलं, "खाऊ का, साहेब?"