दौलतदादांचा पंधरा इंची बॉक्स

दौलत ओव्हाळ विठ्ठलवाडीला राहतात. कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत आणि आमच्या गाण्याच्या पार्टीत बेस गिटार वाजवतात. मी त्याच पार्टीत कीबोर्डवर असतो. स्टेजवर आमच्या दोघांत हातभर अंतर, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे काही माहीत आहे ते बरंचसं शेजारी उभं राहून कळलेलं आहे.

पार्टी उत्तराताईंची. त्या कल्याण पूर्वेला शाळेत शिकवतात, गातात आणि स्वतः गाणी बांधतात. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, नंतर हळदीचे, मग नवरात्रातले, असं आमचं वर्ष चालतं. दौलतदादा पार्टीत आले ते कोरसमध्ये उभं राहायला. आधीचा बेसवाला नोकरीसाठी दुबईला गेला आणि जाताना गिटार उत्तराताईंच्या घरी ठेवून गेला. ती जाड तारांची, लांब मानेची गिटार कोणीच हातात घेईना. तिच्यावर गाणं वाजत नाही, नुसता धुम्म धुम्म आवाज येतो, मग वाजवून करायचं काय, असं सगळ्यांचं मत. दौलतदादांनी ती घरी नेली आणि दोन महिन्यांनी परत आणली ती वाजवायला शिकूनच.

सुरुवातीला त्यांच्याकडे स्वतःचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, नव्हता की स्पीकर नव्हता. ज्याच्या त्याच्या मंडपात जो साउंडवाला असेल त्याच्या मिक्सरला वायर द्यायची. साउंडवाला पहिल्या गाण्यातच म्हणायचा, "बेस घुमतोय," आणि बटण खाली आणायचा. ते बटण मग कार्यक्रम संपेपर्यंत खालीच राहायचं. एकदा शीलावहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, कार्यक्रमाला आलेल्या. घरी गेल्यावर त्यांनी साधेपणाने विचारलं, "तुम्ही वाजवत होता का? मला वाटलं नुसतेच उभे आहात."

दौलतदादा हे सांगताना हसतात. पण त्या आठवड्यात ते उल्हासनगरला पोपट सुताराकडे गेले होते. पोपट फर्निचरचं काम करायचा, दोघांची जुनी ओळख. दादांनी त्याच्याकडून जाड प्लायचा बॉक्स बनवून घेतला, त्यात पंधरा इंची स्पीकर बसवला, वरून काळं रेक्झिन मारलं. अँप मिळाला ठाण्यात, लग्नात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या वादकाकडून. त्याने वाजवणं सोडलं होतं. बॉक्स कमरेएवढा उंच होता आणि उचलायला दोन माणसं लागायची. तिसरा पुढे चालून "पायरी आहे, पायरी आहे" म्हणायला.

त्याचा पहिला कार्यक्रम टेंभी नाक्याला, नवरात्रात. स्टेज लाकडी, आतून पोकळ. दादांनी बॉक्स आपल्या मागे ठेवला आणि पहिल्या सुराला स्टेजच वाजायला लागलं. उत्तराताईंचा माइकचा स्टँड थरथरत हळूहळू पुढे सरकला. माझ्या कीबोर्डवर ठेवलेली पाण्याची बाटली चालत कडेपर्यंत गेली आणि खाली पडली. गाणं संपल्यावर उत्तराताई माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाल्या, "दौलत, मला गाणं पायातून ऐकू येतंय."

"कमी करतो, ताई."

"कमी नको करू. काहीतरी कर."

पुढच्या वेळी त्यांनी जुन्या टायरचे तुकडे कापून आणले आणि बॉक्सखाली चारी कोपऱ्यांना ठेवले. अँपवरचं सगळ्यात खालच्या आवाजाचं बटण थोडं मागे घेतलं. स्टेज गप्प झालं आणि बेस समोर बसलेल्या माणसांपर्यंत जायला लागला. असं एकेक ते शिकत गेले. बॉक्स भिंतीला चिकटवला की आवाज फुगतो. कोपऱ्यात ठेवला की आणखी फुगतो. उघड्या मैदानात मात्र कितीही वाढवला तरी हवा खाऊन टाकते, तिथे साउंडवाल्याशी गोड बोलूनच काम होतं. मिक्सरला वायर आता अँपमधून जायची, आणि साउंडवाल्याने बटण खाली आणलं तरी निदान स्टेजवर आम्हाला दादा ऐकू यायचे. ढोलकी आणि माझा कीबोर्ड त्यांच्यावर टेकून चालायचे. मला तर पाठीला ऊब लागावी तसं वाटायचं.

कार्यक्रम नसेल तेव्हा बॉक्स घरी. दोन खोल्यांच्या घरात तो ठेवणार कुठे? दादांनी त्याच्यावर टीव्ही ठेवून पाहिला. तेव्हा जुना, मागे फुगीर असलेला टीव्ही होता. स्पीकरच्या चुंबकामुळे चित्राचा एक कोपरा जांभळा आणि एक हिरवा झाला, बातम्या देणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा आजारी दिसायला लागला. टीव्ही परत भिंतीवरच्या फळीवर गेला आणि शीलावहिनींनी बॉक्स आडवा करून, वर गोधडी घालून बसायची जागा केली. त्यांची मुलगी समीक्षा दहावी-बारावीचा अभ्यास त्याच्यावर बसून करायची. पाहुणे आले की वहिनी म्हणायच्या, "बसा ना, त्याच्यावर बसा, काही होत नाही त्याला." कार्यक्रमाच्या दिवशी बॉक्स गेला की घर रिकामं वाटतं, असं त्या म्हणायच्या.

हे बरीच वर्षं चाललं. मग एकदा नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. हॉल पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. दादा खालच्या बाजूला होते. वळणावर बॉक्स त्यांच्या अंगावर कलला, त्यांनी तो पेलला, वरही नेला, आणि वर पोचल्यावर हळूच जमिनीवर बसले. त्या दिवशी त्यांनी खुर्चीवर बसून वाजवलं आणि शेवटी खुर्चीतून उठताना मला हात द्यायला सांगितलं.

मणक्याची चकती सरकली होती. ऑपरेशन लागलं नाही, पण बरेच दिवस अंथरुणात काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही, म्हणजे नाहीच. दादा कमरेला पट्टा बांधून परत आले ते फक्त गिटार घेऊन. बॉक्स घरी, अँप घरी, वायर थेट मिक्सरला.

"आजकाल सगळे असंच करतात, दादा," मी म्हणालो. "मॉनिटरमध्ये ऐकायचं."

मॉनिटर म्हणजे स्टेजवर आपल्या दिशेने तोंड करून ठेवलेला छोटा स्पीकर. त्यात उत्तराताईंचा आवाज होता, ढोलकी होती, माझा कीबोर्ड होता. दादा कुठेतरी तळाला होते. त्या दिवशी ते प्रत्येक सूर लावायच्या आधी ढोलकीवाल्याकडे बघत होते. नेहमी आम्ही त्यांच्यावर टेकायचो, आता तेच आधार शोधत होते. कार्यक्रम वाईट झाला नाही. लोकांना काही कळलंही नाही. पण सामान आवरताना दादा उत्तराताईंना म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी दुसरा बघा कोणीतरी. मला मी ऐकायला येत नाही."

उत्तराताई म्हणाल्या, "बघते." आणि त्यांनी कोणालाही बघितलं नाही.

मार्ग काढला समीक्षाने. ती आता ठाण्याला एका औषध कंपनीच्या ऑफिसात आहे. तिच्या ऑफिसातला संदेश नावाचा मुलगा डोंबिवलीला राहतो आणि मित्रांच्या बँडमध्ये बेस वाजवतो. तिने जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं, तू तुझा स्पीकर कसा नेतोस? तो म्हणाला, स्कूटरवरून. तिला वाटलं चेष्टा करतोय.

रविवारी सकाळी दादा, समीक्षा आणि मी त्याच्या घरी गेलो. संदेशने आईला चहा ठेवायला सांगितलं आणि कपाटावरून एक वस्तू काढली. जेवणाच्या डब्याएवढी. तो अँप होता. मग पलंगाखालून दोन चौकोनी बॉक्स ओढले, प्रत्येकात एक दहा इंची स्पीकर. एका हाताने एक उचलून दुसऱ्यावर ठेवला.

"काका, उचलून बघा ना."

दादांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पट्टा चाचपला, आणि वरचा बॉक्स जपून उचलला. उचलल्यावर तो फिरवून मागून पाहिला.

"स्पीकर आहे ना आत?"

संदेश हसला. "आहे. याचं चुंबक वेगळं असतं, लहान पण जोरदार. आणि प्लायपण हलका. एकच नेला तर छोट्या हॉलला पुरतो. दोन घेतले तर तुमचं स्टेज होऊन जाईल."

दादांनी पलंगाच्या कडेला बसून गिटार अँपला लावली. दोन बॉक्स एकावर एक असल्यामुळे वरचा स्पीकर त्यांच्या छातीपर्यंत आला होता. त्यांनी एक तार छेडली, थांबले, परत छेडली. मग तारेवरून बोट उचललं तेव्हा जी बारीकशी कुरकुर झाली तीही ऐकू आली.

"प्रशांत," ते मला म्हणाले, "इतकी वर्षं मी माझ्या गुडघ्यांना ऐकवत होतो रे."

खरंच होतं ते. तो मोठा बॉक्स जमिनीवर असायचा आणि दादा त्याच्या पुढ्यात उभे. आवाज त्यांच्या पायांवरून पुढे निघून जायचा. त्यांच्या वाट्याला यायची ती नुसती थरथर.

दादांनी तसेच दोन बॉक्स आणि तसाच अँप घेतला. मोठा बॉक्स विकायचा विषय त्यांनी घरी एकदा काढला. शीलावहिनी म्हणाल्या, "आणि मी बसू कुठे?" विषय तिथेच संपला.

आमची प्रॅक्टिस उत्तराताईंच्या शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. नव्या सेटवर पहिल्यांदा वाजवताना दादा खूश होते. स्पीकरकडे मान कलवून, स्वतःचा एकेक सूर ऐकत वाजवत होते. मग उत्तराताईंचं जयंतीचं गाणं आलं, जे आम्ही प्रत्येक कार्यक्रमात शेवटी करतो. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला दादा एकदम थांबले.

"प्रशांत, इथे तू डाव्या हाताने काय देतोस?"

"मध्यम. चाल तिथे मध्यमावरच येते ना."

"मी धैवत देतोय."

आम्ही दोघांनी ती ओळ सावकाश वाजवली. खरंच धैवत. दोन सूर एकमेकांशी भांडत नाहीत, त्यामुळे कानाला टोचत नव्हतं. आणि त्या मोठ्या बॉक्समधून दोन्ही सारखेच वाटायचे, धुम्म. दादांना नाही कळलं, मलाही नाही. गाणं दादांच्या बेसइतकंच जुनं. दादा खुर्चीवर बसले आणि त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"एवढ्या लोकांसमोर," ते म्हणाले. "दरवर्षी."

उत्तराताई तेव्हा बाहेर फोनवर होत्या. दादांनी मला सांगितलं, ताईंना बोलू नकोस, मी दुरुस्त करतो. पुढचा आठवडाभर ते घरी ती एक ओळ वाजवत होते. समीक्षा सांगत होती, मम्मीला ती पाठ झाली, भाकरी थापताना गुणगुणते.

पुढचा कार्यक्रम नौपाड्यात, एका महिला मंडळाचा वार्षिक समारंभ, दुपारचा. हॉल तळमजल्यावर होता. दोन्ही बॉक्स रिक्षात मावले. एक दादांच्या पायाशी, एक शीलावहिनींच्या मांडीवर. वहिनी हल्ली बरोबर येतात, कारण त्यांना एक बॉक्स सहज उचलता येतो आणि दादांनी दोन उचलू नयेत यावर त्यांचं लक्ष असतं.

कार्यक्रम रंगला. शेवटी जयंतीचं गाणं. अंतऱ्याची दुसरी ओळ आली, दादांनी मध्यम दिला. स्वच्छ, गोल, अगदी बरोबर. आणि उत्तराताई अडखळल्या. पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्यांनी उशिरा घेतला, मान वळवून दादांकडे पाहिलं आणि कशीबशी ओळ पुरी केली. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या गाण्यात अडखळताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्याला दादांची बोटं आपोआप जुन्या जागेवर गेली. धैवत. ताईंचा आवाज त्यावरून सरळ वर चढला, समोरच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

कार्यक्रमानंतर मंडळाने चहा आणि साबुदाणा वडे दिले. उत्तराताई बशी घेऊन दादांशेजारी येऊन बसल्या.

"आज काय केलंस तिथे?"

"चूक दुरुस्त केली, ताई. मी इतकी वर्षं धैवत वाजवत होतो."

"मला माहीत आहे."

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग सांगितलं का नाही कधी?"

"अरे, चाल बांधत होते तेव्हा तू माझ्या घरी बसून वाजवत होतास, नवीन नवीन शिकलेलास. तुझा तो सूर आला आणि मला पुढची ओळ सुचली. तिथूनच ती उचलते मी. आज पायाखाली काही नव्हतं."

"म्हणजे चूक नाही म्हणायची?"

"पहिल्या दिवशी असेल. आता नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "प्रशांत, तूच बदल की. तूही धैवत दे."

मी दिला. पुढच्याच शनिवारी दिला आणि ती ओळ अशी भरली, की ढोलकीवालाही म्हणाला, आज काहीतरी वेगळं लागलं. दादांनी वरच्या स्पीकरकडे कान नेला आणि ओळ परत एकदा वाजवायला लावली, उगाचच, ऐकायला.

ते पुढच्या वर्षी रिटायर होतील. संदेश अधूनमधून विठ्ठलवाडीला येतो, दोघं गिटारी लावून बसतात. संदेशला दादांच्या हाताचा तो जड, सावकाश ठेका हवा असतो आणि दादांना संदेशकडून अँपची बटणं समजून घ्यायची असतात. शीलावहिनी त्यांना पोहे देतात आणि आपल्या जागेवर गोधडी सारखी करून बसतात. परवा मी गेलेलो तेव्हा दोघं एकाच गाण्यावर तासभर वाद घालत होते, आवाज फार वाढवायचा नाही या अटीवर, कारण शेजारच्या विमलाबाई दुपारी झोपतात. दादांचा पट्टा खुंटीवर होता. तो आता फक्त प्रवासाला लागतो, असं ते म्हणाले, आणि मला विचारलं, "कीबोर्ड आणलास का?" मी आणला नव्हता. त्यांनी मला भाकरीची परात उपडी करून दिली. मग मी ठेका धरला.